जेनिफर म्हणजे पांढरं भूत? आणि नावांचे आणखी काही प्रश्न

मागच्या अंकात सहज म्हटलं की नावांबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा, आणि पेटी भरली. गंमत म्हणजे बरीचशी पत्रं अशा नावांची निघाली जी आपण डोळे झाकून 'इंग्लिश' म्हणून मोकळे होतो आणि ती मुळात इंग्लिश नाहीतच, वेल्श आहेत. वेल्स म्हणजे इंग्लंडच्या पश्चिमेला चिकटलेला छोटासा डोंगराळ देश, स्वतःची भाषा असलेला. तर या वेळी सगळी तीच पत्रं घेतलीत. पहिल्याला जागा जास्त दिलीये कारण त्यात एक पोरगी रुसून बसलीये.

प्रश्न : माझ्या मुलीचं नाव जेनिफर. सासूबाईंनी ठेवलं होतं. आता ती आठवीत आहे, तिने मोबाईलवर नावाचा अर्थ शोधला तर 'पांढरं भूत' असं आलं. वर्गात कुणीतरी ते वाचलं आणि आता सगळ्या तिला भुताटकी म्हणून चिडवतात. ती म्हणते नाव बदला. खरंच असा अर्थ आहे का? आणि असं असेल तर बाप्तिस्म्याच्या वेळी फादर काही बोलले कसे नाहीत? (एक आई, वसई)

उत्तर : ताई, मोबाईल खोटं बोलला नाही, पण जे बोलला ते इतकं तोडून बोलला की खोट्यात जमा. नीट पहिल्यापासून सांगते.

इंग्लंडच्या पार खाली नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा भाग आहे, जेनिफर हे नाव तिथलं. तिथे पूर्वी इंग्रजी नाही, कॉर्निश भाषा बोलायचे, आणि कॉर्निश, वेल्श आणि समोर फ्रान्सच्या किनाऱ्यावरची ब्रेतॉन या तिघी सख्ख्या बहिणी. वेल्शमध्ये जे नाव ग्वेन्हुइवार, तेच कॉर्नवॉलमध्ये जेनिफर. आता ही ग्वेन्हुइवार कोण, तर किंग आर्थरची राणी! तोच आर्थर, तलवारवाला, गोलमेजवाला. इंग्रजी गोष्टींत तिला ग्विनिव्हिअर म्हणतात. म्हणजे तुमची लेक राणीच्या नावाची आहे, वर्गातल्या पोरींना आधी एवढं सांगू दे, मग पुढचं.

नावाची फोड करू. पहिला तुकडा ग्वेन. वेल्शमध्ये पांढरा म्हणजे ग्विन आणि पांढरी म्हणजे ग्वेन, आपल्यासारखंच लिंगाप्रमाणे बदलतं. पण त्या शब्दाचा पसारा नुसत्या रंगापुरता नाहीये. उजळ, देखणी, आणि त्याही पुढे जाऊन पवित्र, धन्य, असं सगळं त्यात येतं. तुम्ही चर्चला जाणाऱ्या म्हणून मुद्दाम सांगते, मत्तयच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायात येशूचं डोंगरावरचं प्रवचन आहे ना, जिथे धन्य ते, धन्य ते असं ओळीने येतं, तिथे वेल्श बायबलमध्ये प्रत्येक ओळीला 'ग्विन आय बीद' असं आहे, शब्दाला शब्द लावला तर 'पांढरं त्यांचं जग'. आपण जिथे धन्य म्हणतो तिथे ते पांढरं म्हणतात. आता सांगा, भुताटकी म्हणणाऱ्या पोरींना हे माहीत असणारे का.

दुसरा तुकडा हुइवार, भांडण सगळं त्याच्यामुळे. याचा जुना भाऊबंद आयरिश भाषेत सापडतो आणि तिथे त्या शब्दाचा अर्थ छाया, माणसांच्या जगापलीकडचं कुणीतरी, अचानक दिसून नाहीसं होणारं असं काहीतरी. आयर्लंडच्या जुन्या कथांमध्ये मेव्ह राणीची एक मुलगी आहे, फिन्नावर नावाची, आणि भाषेच्या अभ्यासकांच्या हिशोबात फिन्नावर आणि ग्वेन्हुइवार हे एकच नाव, दोन भाषांत दोन तऱ्हेने वाढलेलं. या दोन्ही तुकड्यांची बेरीज इंग्रजीत 'व्हाईट फँटम' अशी केली गेली आणि मोबाईलने त्याचं मराठी करताना सरळ भूत करून टाकलं. आता आपल्याकडे बघा, कोकणात आणि गोव्यात गावाचा राखणदार असतो, रात्री त्याच्या काठीचा आवाज येतो म्हणतात, त्याला नारळ देतात, रोट देतात, पण त्याला कुणी भूत म्हणून बघावं, गावातली म्हातारी माणसं अंगावर येतील. ग्वेन्हुइवारमधलं हुइवार हे त्या जातीचं आहे, अमानवी पण अमंगळ नाही. मला विचाराल तर मराठीत जवळात जवळचं 'तेजस्वी छाया' किंवा सरळ 'अप्सरा' म्हणा. भूत नको.

आणि एक दुसरं मतही आहे. त्या मताप्रमाणे नाव ग्वेन्हुइ एवढंच आणि शेवटचं 'वार' म्हणजे वेल्शमधला 'माउर', मोठा या अर्थाचा शब्द, जो दुसऱ्या शब्दाला जोडला की वेल्शच्या नियमाने 'वाउर' होतो. म्हणजे थोरली ग्वेन्हुइ. मग धाकटी कोण? तर आहे ना, ग्वेन्हुइवाख! 'बाख' म्हणजे लहान, त्याचंच 'वाख' झालेलं. जुन्या वेल्श साहित्यात ही धाकटी राणीची बहीण म्हणून येते आणि तिथे असं नोंदवलंय की या धाकटीने थोरलीला एक फटका मारला आणि त्यावरून कामलानची लढाई पेटली, जिच्यात आर्थर पडला. एका थपडेत राज्य गेलं! बहुतेक अभ्यासक पहिला अर्थ धरतात, थोरली-धाकटीची जोडी नंतर कुणीतरी नावाच्या शेवटावरून रचली असावी असं त्यांना वाटतं, पण गोष्ट म्हणून मला ही जास्त आवडते. वेल्समध्ये या राणीबद्दल एक दोन ओळींचं यमकही आहे, लहानपणी वाईट आणि मोठेपणी त्याहून वाईट अशा अर्थाचं, ते मात्र तुम्ही मुलीला सांगू नका, वर्गात पोचलं तर आणखी एक त्रास.

मग हे नाव वसईपर्यंत आलं कसं. बाराव्या शतकात, 1136 च्या आसपास, मन्मथ गावच्या जेफ्री नावाच्या एका धर्मगुरूने लॅटिनमध्ये ब्रिटनच्या राजांचा 'इतिहास' लिहिला, अवतरणचिन्ह मुद्दाम घातलंय कारण त्यात इतिहास कमी आणि कल्पना जास्त, पण आर्थर आणि त्याची राणी युरोपभर पोचले ते त्या ग्रंथामुळे. मग फ्रेंच कवींनी ते उचललं, इटलीत त्या नावाचं जिनेव्रा झालं, वेल्समध्ये बोलता बोलता झिजून गेनर झालं, आणि कॉर्नवॉलमध्ये जेनिफर होऊन ते कोपऱ्यात गुपचूप पडून राहिलं, बाहेर कुणाला पत्ता नाही. 1906 मध्ये बर्नार्ड शॉने 'द डॉक्टर्स डिलेमा' नाटकात नायिकेला हे नाव दिलं, आणि नाटकात एक डॉक्टर तिला म्हणतो की काय विचित्र नाव आहे हो, तर ती म्हणते कॉर्नवॉलमध्ये नाहीये विचित्र, तुमची ग्विनिव्हिअर ती आमची जेनिफर. म्हणजे बघा, 1906 साली लंडनच्या प्रेक्षकांना हे नाव समजावून सांगायला लागत होतं!

पुढे हॉलिवूडमध्ये फिलिस नावाच्या एका नटीला स्टुडिओने जेनिफर जोन्स हे नाव दिलं आणि तिला 1944 मध्ये ऑस्कर मिळालं, कशासाठी माहितीये, लूर्द्सच्या संत बर्नाडेटच्या भूमिकेसाठी. तुमच्या सासूबाईंच्या डोक्यात ही असू शकते, विचारून बघा. अमेरिकेत तर 1970 ते 1984 अशी सलग 15 वर्षं मुलींच्या नावांत जेनिफर पहिल्या नंबरवर होतं. लोक म्हणतात 'लव्ह स्टोरी' सिनेमाच्या नायिकेमुळे ते झालं, पण तो सिनेमा आला 1970 च्या डिसेंबरमध्ये आणि नाव त्याआधीच पहिल्या दहात जाऊन बसलेलं, त्यामुळे सिनेमाने आगीत तूप ओतलं एवढंच म्हणता येईल, आग आधीचीच. आणि आपल्या मुंबईतच जुहूला पृथ्वी थिएटर उभं आहे ते 1978 मध्ये सुरू करणाऱ्यांत शशी कपूरबरोबर त्याची बायको जेनिफर केंडल होती. नाटकाच्या माणसांना विचारा, तिचं नाव निघालं की काय आदराने बोलतात.

फादर बोलले नाहीत कारण बोलण्यासारखं काही नव्हतंच. संताचंच नाव हवं अशी सक्ती आता नाहीये, चर्चचा 1983 चा कायदा एवढंच म्हणतो की ख्रिस्ती भावनेला परकं वाटेल असं नाव नसावं, आणि ते बघायचं आईवडील, गॉडपेरेंट्स आणि फादर यांनी. काही ठिकाणी जेनिफर म्हणजे जेनेव्हिव्हच असं समजून संत जेनेव्हिव्हचा सण धरतात, हौस म्हणून ठीक, पण ते नाव वेगळं, मूळ वेगळं. नाव बदलू नका ताई. गॅझेट, आधार, शाळेचा दाखला, सगळीकडे धावाधाव, आणि ती दहावीत जाईपर्यंत तिला स्वतःलाच हे भूत प्रकरण भारी वाटायला लागेल, त्या वयातल्या पोरी ओळखते मी.

प्रश्न : आमच्या आजीचं नाव विनिफ्रेड, सगळे विनीमाय म्हणायचे. तीन नोव्हेंबरला ती न चुकता मिस्साला जायची, म्हणायची माझ्या सांतीणीचा दिवस. ही सांतीण कोण हे आम्ही कधी विचारलंच नाही. (बार्देस, गोवा)

उत्तर : आजी बरोबर होती, तारीखसुद्धा बरोबर. ही सातव्या शतकातली वेल्सची संत, तिचं वेल्श नाव ग्वेनव्ह्रेवी. वरच्या पत्रातला ग्वेन परत आला बघा! पुढे इंग्रजीत आनंद आणि शांती अशा दोन शब्दांचं विनफ्रिथ नावाचं एक जुनं नाव होतं, दोन्हींचा घोळ होऊन विनिफ्रेड झालं.

गोष्ट अंगावर येणारी आहे. काराडोग नावाच्या सरदाराने तिच्यावर जबरदस्ती करायचा प्रयत्न केला, ती चर्चच्या दिशेने पळाली, त्याने मागून येऊन तलवारीने तिचं डोकं उडवलं. डोकं उतारावरून घरंगळत जिथे थांबलं तिथे झरा फुटला. तिचा मामा बेइनो हा साधू, त्याने डोकं धडाला लावलं, प्रार्थना केली आणि ती जिवंत झाली, मानेभोवती फक्त एक पांढरी बारीक रेघ राहिली. नंतर ती जोगीण झाली आणि ग्विथेरिन नावाच्या गावी मठाची प्रमुख म्हणून वारली. 1138 मध्ये तिच्या अस्थी इंग्लंडातल्या श्रूजबरीला नेल्या आणि तिथून तिची कीर्ती वाढली.

तो झरा म्हणजे उत्तर वेल्समधलं होलीवेल, पवित्र विहीर, वेल्शमध्ये त्रेफनॉन, म्हणजे झऱ्याचं गाव. धर्माच्या मारामाऱ्यांमध्ये इंग्लंडमधली बाकी तीर्थक्षेत्रं बंद पडली, तोडली गेली, पण इथे लोक यायचे थांबले नाहीत. 1686 मध्ये राजा दुसरा जेम्स आणि त्याची राणी मुलगा व्हावा म्हणून इथे आले होते, आणि 1688 मध्ये त्यांना मुलगा झालासुद्धा, आणि त्याच वर्षी राजाचं सिंहासन गेलं, नवस फळला म्हणायचा की नाही तुम्ही ठरवा. लोक अजूनही तारखेने येतात, दगडी कमानीखालच्या गार पाण्यात उतरतात, प्रार्थना म्हणत त्यातून तीनदा जातात. एक खरं सांगायला हवं, मूळ झरा 1917 मध्ये आटला. डोंगरात शिशाच्या खाणींचं पाणी काढायला बोगदा खणत होते, त्यात तो पाण्याचा मार्गच तुटला आणि नंतर दुसरीकडून पाणी वळवून आणावं लागलं. भाविकांना त्याने काही फरक पडलेला नाही.

विनीमायचा फोटो असेल घरात तर मागे हे लिहून ठेवा, पुढच्या पोरांना विचारायला लागू नये.

प्रश्न : माझं नाव ट्रेव्हर. याचा काही अर्थ आहे का की असंच? (मालाड)

उत्तर : आहे की. 'त्रेव्ह' म्हणजे वस्ती, गाव, आणि 'माउर' म्हणजे मोठा. जोडून त्रेव्होर, मोठं गाव. शुद्ध मराठीत तुमचं नाव बुद्रुक! हसू नका, खरंच, वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द मधलं जे बुद्रुक तेच काम इथे माउर करतो. आधी गाव, मग गावावरून आडनाव, मग आडनावाचं नाव.

हे गाव आजही आहे, वेल्सच्या ईशान्येला लांगोलेनजवळ. बघण्यासारखं काय आहे तर गावाला लागूनच पॉन्टकसिल्टे नावाचा जलसेतू, 1805 चा, ज्यात नदीवरून चक्क कालवा नेलाय. डी नदी खाली जवळजवळ 38 मीटर आणि वर लोखंडाच्या अरुंद पन्हळीतून होड्या चालतात. चालायच्या बाजूला कठडा आहे, पलीकडच्या बाजूला काही नाही, होडीत बसून त्या कडेने खाली बघितलं तर सरळ दरी. युनेस्कोच्या यादीत 2009 पासून आहे. कधी गेलात तर गावाच्या नावाच्या पाटीखाली फोटो काढून पाठवा, छापू.

प्रश्न : आईचं नाव ग्लॅडिस. आमच्या एका ओळखीच्या काकांनी सांगितलं की याचा अर्थ 'लंगडी'. आई हसली पण तिला लागलं ते दिसलं. (माहीम)

उत्तर : काकांनी अर्धं वाचलंय. जुन्या काळापासून असं सांगत आलेत की वेल्श ग्व्लादिस हे रोमन क्लॉडियाचं रूप, आणि क्लॉडियाच्या मुळाशी लॅटिनमधला लंगडा हा शब्द आहे, तिथून काकांची लंगडी आली. पण दुसरा रस्ता जास्त सरळ आहे, वेल्शमधला 'ग्व्लाद' म्हणजे देश, मुलूख, आणि त्यावरून मुलुखाची धनीण. माझं मत दुसऱ्या बाजूला, कारण त्यासाठी वेल्स सोडून रोमला जावं लागत नाही.

आईला आणखी एक सांगा. तेराव्या शतकात वेल्सच्या सगळ्यात मोठ्या राजाची, थोरल्या लिवेलिनची एक मुलगी होती, ग्व्लादिस दी. यातलं 'दी' म्हणजे काळी, सावळी म्हणा, किंवा काळ्या डोळ्यांची म्हणा. 1251 मध्ये ती वारली, आणि तिच्या वंशात पुढे इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड झाला. सावळी ग्लॅडिस इंग्लंडच्या राजघराण्याची पणजी-खापरपणजी! त्याच्या कितीतरी आधी एक संत ग्लॅडिसही होऊन गेली, संत काडोगची आई.

हा ग्व्लाद शब्द तुम्ही ऐकलेलाही असेल. रग्बीची मॅच सुरू व्हायच्या आधी कार्डिफचं आख्खं स्टेडियम जे गाणं गातं ते वेल्सचं राष्ट्रगीत 'हेन व्लाद व न्हादाय', माझ्या पूर्वजांचा जुना देश. 1856 चं, पॉन्टिप्रिद गावच्या बापलेकांनी रचलेलं, शब्द बापाचे आणि चाल मुलाची. आणि मेघालयात हीच चाल खासी भाषेच्या शब्दांवर गातात, कारण 1841 मध्ये चेरापुंजीला जे मिशनरी आले ते वेल्श होते, त्यातल्या टॉमस जोन्सने खासीला रोमन लिपी बसवली ती वेल्श वळणाने. शिलाँगला कुणी ओळखीचं असेल तर चाल गुणगुणून बघा.

प्रश्न : भाची नर्सिंगसाठी इंग्लंडला गेलीये. तिच्या वॉर्डमधल्या सिस्टरचं नाव ऑल्वेन. तिने अर्थ विचारला तर सिस्टर म्हणाली 'पांढरी पावलं'. भाचीला हसू आवरेना पण कारण सांगता येईना. आणि वेल्श म्हणजे इंग्रजीचीच गावठी बोली का? (कोल्हापूर)

उत्तर : कारण खरंच सांगता येण्यासारखं नाही! आपल्याकडे पांढऱ्या पायाची म्हटलं की संपलं, लग्न करून आली आणि घरात काही वाईट झालं की बिचाऱ्या सुनेच्या कपाळी हे लागतं. तिकडे नेमकं उलटं. ऑल्वेन ही एका जुन्या वेल्श कथेतली राक्षसाची मुलगी, इतकी सुंदर की ती जिथे पाऊल टाकेल तिथे मागे पांढऱ्या क्लोव्हरची चार फुलं उगवायची. 'ऑल' म्हणजे माग, पावलाचा ठसा, आणि 'वेन' म्हणजे आपली ग्वेनच, जोडताना ग गळालेला. तिच्याशी लग्न करायला आलेल्या कुल्हुख नावाच्या राजपुत्राला तिचा बाप अशक्य कामांची अशी लांबलचक यादी देतो की वाचतानाच दम लागतो, आणि शेवटी कामं होतात आणि बापाचं डोकं जातं, कारण मुलीचं लग्न झालं की हा मरणार असं आधीच ठरलेलं असतं. भाचीला म्हणावं सिस्टरला आपला अर्थ सांगू नको, नाईट ड्युट्या लावेल.

वेल्श ही इंग्रजीची बोली अजिबात नाही. इंग्रजीपेक्षा जुनी आहे त्या बेटावर, आणि 'वेल्श' हा शब्दसुद्धा इंग्रजांनी दिलेला, परका या अर्थाचा, म्हणजे घरात घुसून घरमालकालाच परका म्हणायचं. ते स्वतः आपल्या देशाला कम्री म्हणतात. आकडे ऐका : ईन, दाय, त्री, पेद्वार, पिम्प. त्री ओळखीचा वाटला ना? लांबचं नातं आहे, संस्कृत आणि वेल्श एकाच मोठ्या कुळातल्या. 1786 मध्ये कलकत्त्याला ज्या विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच मुळाच्या असाव्यात असं भाषण दिलं आणि केल्टिक भाषाही, म्हणजे वेल्श आणि तिच्या बहिणी, त्याच मुळाच्या असतील असं सुचवलं, त्याचा बाप वेल्सच्या अँगलसी बेटावरचा. गणितातला पाय आहे ना, 3.14 वाला, त्याला ते ग्रीक चिन्ह 1706 मध्ये पहिल्यांदा वापरलं ते या बापाने. एका घरात दोन अशी माणसं, कमाल आहे.

प्रश्न : लेक आणि जावई कार्डिफला असतात. दिवाळीच्या सुमारास बाळ येईल. त्यांना असं नाव हवंय जे तिकडच्या लोकांनाही घरचं वाटेल आणि इकडे आम्हालाही बोलता येईल. इंटरनेटवरच्या याद्या बघून डोकं फिरलं. मुलगा की मुलगी माहीत नाही. (एक आजी, नाशिक)

उत्तर : आजी, अभिनंदन! मुलगी झाली तर तुमचं काम सोपं. निया घ्या, वेल्समध्ये नीया म्हणतात, मूळ आयरिश, तेज या अर्थाचं, आणि आपल्याकडे आता किती मुलींचं आहेच. आयरा पण चालेल, वेल्शमध्ये एइरा म्हणजे बर्फ, नाशिकच्या उन्हाळ्यात हाक मारायला बरं. सेरेन म्हणजे तारा. शान हे तर डोळे झाकून घ्या, तिकडे ते जेनचं वेल्श रूप आणि इकडे शान म्हणजे शान. मायर म्हणजे मेरी, पण तुम्हाला दर वेळी माहेर ऐकू येईल आणि डोळे भरतील, ते एक बघा. मली हे तिकडे लाडकं नाव, मेरीचंच, पण इकडे शाळेत मळली-मळली म्हणून चिडवतील, मी तरी नाही ठेवणार.

मुलगा झाला तर जरा जपून. वेल्सचा राष्ट्रीय संत डेव्हिड, 1 मार्चला त्याचा दिवस, मुलं कोटाला लीकची पात किंवा डॅफोडिल लावून शाळेत जातात. त्याचं वेल्श नाव देवी. हो, देवीच, उच्चार अगदी तोच, आणि ते मुलाचं नाव! जावयाचे सहकारी मोठ्या प्रेमाने हे सुचवतील, तेव्हा लेकीने आधीच तयारीत राहावं. ईवान, रीस, ओवेन ही बरी, तोंडात बसतात. डिलन आवडलं तर ठेवा पण वेल्समध्ये त्याला डलन म्हणतात, आणि जुन्या कथेत हा डलन बाप्तिस्मा झाल्या झाल्या समुद्रात शिरून माशासारखा पोहायला लागतो, बारशाला सांगायला गोष्ट छान आहे.

शान ठरलं तर एक बारीक गोष्ट. तिकडच्या स्पेलिंगमध्ये 'ए' या अक्षरावर छपरासारखी खूण असते, वेल्शमध्ये तिला 'टो बाख' म्हणतात, छोटं छप्पर, वर धाकटीच्या नावात आला तोच बाख. जन्माची नोंद तिकडे 42 दिवसांच्या आत करायची असते, त्या वेळी रजिस्ट्रारला सांगून ती खूण घालून घ्यायची की तशीच ठेवायची ते दोघांनी आधी ठरवा, आणि जे ठरेल तेच पासपोर्टला आणि इकडच्या ओसीआयच्या, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या कार्डाच्या, फॉर्मला. एकात छप्पर आणि एकात नाही असं झालं की प्रत्येक खिडकीवर उत्तरं देत बसावं लागतं.